ताईंना कोणी पाडलं नाही, कागदाने पाडलं

आज सकाळी पुन्हा तेच ऐकलं. "शेजारच्या सोसायटीतल्या ताईंचा महापालिका निवडणुकीचा अर्ज बाद केला हो, चांगल्या माणसांना येऊच देत नाहीत." डोकं फिरलं. कसलं कारस्थान? महापालिकेला उमेदवार शहरातल्या कुठल्याही प्रभागाचा मतदार चालतो, पण सूचक (नाव सुचवणारा) आणि अनुमोदक (त्याला दुजोरा देणारा) जिथून लढायचं त्याच प्रभागाच्या मतदार यादीतले लागतात. ताईंचे अनुमोदक समोरच्या इमारतीत राहतात आणि प्रभागाची हद्द मधल्या रस्त्यावरून जाते. यादी न उघडता सही घेतली. छाननीच्या टेबलावर अनुमोदक बदलून मिळत नाही.

यावेळी अर्ज भरायला 23 ते 30 डिसेंबर 2025 एवढीच मुदत होती, त्यात नाताळ आणि रविवार. कागदपत्रं तेव्हा गोळा करायला घेतली तर हेच होणार. प्रारूप, म्हणजे कच्ची मतदार यादी लागते तेव्हाच भाग क्रमांक, अनुक्रमांक तपासायचे. नाव शेजारच्या प्रभागात गेलं असेल तर हरकत तेव्हाच घ्यायची. आणि वेगळे सूचक-अनुमोदक घेऊन दुसरा अर्जही भरून ठेवायचा. ताईंनी हे केलं असतं तर एक बाद होऊनही दुसरा टिकला असता.

शपथपत्रातला एकही रकाना कोरा नको. कर्ज नाही? "निरंक" लिहा. पती किंवा पत्नीची मालमत्ता, प्रलंबित खटले, सगळं. राखीव जागा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र. नसेल तर पडताळणीला अर्ज केल्याचा पुरावा आणि हमीपत्र. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचं पत्र, शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत. तीन वाजून पाच मिनिटांनी आणलात तर तुम्ही अपक्ष.

हो, पैसा लागतो, पक्ष लागतो, चार सदस्यांच्या प्रभागात अपक्षाचा जीव निघतो. मान्य. पण ताई तिथवर पोचल्याच नाहीत ना!

वाईट वाटतं ते याचं की ताईंना पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह कुठे आहे तेही ठाऊक. भोवती आपण इतके शिकलेले, सोसायटीच्या इतिवृत्तातल्या स्वल्पविरामावर भांडणारे, आणि एकालाही मतदार यादी उघडून बघावीशी वाटली नाही. फोटोला मात्र सगळे.

जे लढले आणि हरले त्यांनाही सांगतो, निकालापासून 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात. मग पुढच्या वेळी पुन्हा "येऊच देत नाहीत" म्हणत बसा.