कळसूबाईवर रोपवे: फिरत्या मेसेजमधल्या दाव्यांना उत्तर

पावसाळा आला की एक मेसेज हमखास फिरू लागतो. 'कळसूबाई हे महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, उंची 1646 मीटर. तिथे रोपवे केला तर म्हाताऱ्याकोताऱ्यांना देवीचं दर्शन घडेल, वाटेवरच्या लोखंडी शिड्यांवरची गर्दी आणि अपघात थांबतील, पायथ्याच्या बारी गावाला रोजगार मिळेल, आणि झाडंही तोडावी लागणार नाहीत. रायगडावर रोपवे आहे, स्वित्झर्लंडमध्ये आहे, मग इथेच विरोध का?' हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

रायगडाचा दाखला आधी घेऊ. रायगड ही राजधानी होती. माथ्यावर बाजारपेठ, होळीचा माळ, गंगासागर तलाव, राजवाड्याचे अवशेष असा ऐसपैस पसारा आहे. हजारो माणसं वर गेली तरी पांगतात. कळसूबाईच्या माथ्यावर देवीचं लहानसं देऊळ आहे आणि त्याभोवती जेमतेम थोडी सपाट जागा. चारही बाजूंनी उतार. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे आजच धड उभं राहता येत नाही. गुजरातमधल्या गिरनार डोंगरावरचा रोपवे ताशी सुमारे 800 माणसं वर नेऊ शकतो. त्याच्या निम्मी जरी कळसूबाईवर पोचवली, तरी दोन तासांत ती उभी कुठे राहणार? स्थानक, रांगेची जागा, स्वच्छतागृह, खाण्याची टपरी हे सगळं बसवायचं तर डोंगराचा माथा फोडावा लागेल. नाहीतर स्थानक खाली कुठल्या तरी सोंडेवर येईल आणि शेवटची शिडी चढावीच लागेल.

इथेच दर्शनाचा मुद्दा येतो, आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. नवरात्रात अनवाणी चढणाऱ्या बायाबापड्या पाहिल्या की त्यांच्या श्रद्धेपुढे वाद घालावासा वाटत नाही. पण गिरनारला जाऊन आलेल्या मराठी दत्तभक्तांना विचारा. ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झालेला तिथला रोपवे वाटेतल्या अंबाजीच्या मंदिरापर्यंतच नेतो. दत्तपादुकांसाठी पुढे हजारो पायऱ्या उतरून-चढून जाव्याच लागतात. गुडघे गेलेल्या आजीला शिडीच्या पायथ्याशी नेऊन सोडण्याला सोय कसं म्हणायचं? ज्यांना चढवत नाही, त्यांच्यासाठी बारीच्या वाटेवर खालच्या टप्प्यातच देवीचं मंदिर आहे. तिथपर्यंत चांगली वाट, हाताला धरायला कठडा आणि बसायला सावली करणं एका वर्षात होण्यासारखं आहे.

गर्दी आणि अपघातांचं उत्तर हवामानात आहे. शिड्यांपाशी रांगा लागतात त्या मुख्यतः जून ते सप्टेंबरमधल्या शनिवार-रविवारी. नेमक्या त्याच दिवसांत माथ्यावर झोडपणारा वारा, पाऊस आणि दाट धुकं असतं. जोराचा वारा सुटला की गिरनारचा रोपवेही बंद ठेवावा लागतो. म्हणजे ज्या दिवसांसाठी हा उपाय सुचवला जातो, त्याच दिवसांत तो भरवशाचा नाही. आणि माणसं वर पोचल्यावर वारा वाढला तर? रेनकोट नसलेली, चपला घालून आलेली, लहान मुलं कडेवर असलेली कुटुंबं ओल्या शिड्यांवरून उतरवावी लागतील.

'झाडं तोडावी लागत नाहीत' हे निव्वळ चुकीचं आहे. खांबांना पाया लागतो, तारेखालचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो, स्थानकाला वीज, पाणी आणि बांधकामाचं सामान न्यावं लागतं. हा डोंगर 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या क्षेत्रात आहे. शेकरूचं, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या मोठ्या खारीचं, हे घर आहे. शिखराजवळ पाण्याची एक विहीर आहे, तिच्यावर किती हजार माणसांचा भार टाकणार?

आता रोजगार. बारीतली माणसं, त्यात बहुसंख्य महादेव कोळी, आज काय करतात? गाड्या लावायला जागा देतात, घरी पिठलं-भाकरी करून घालतात, रात्री मुक्कामाला अंगण देतात, वाटाड्या म्हणून सोबत येतात. वाटेवर ताक, लिंबूसरबत, काकडी, चहा विकणाऱ्या टपऱ्या आहेत. माणूस तीन तास चढतो, दमतो, थांबतो आणि म्हणूनच पैसा गावात उतरतो. पाळण्यात बसलेला माणूस तिकीट कंपनीला देतो, वर फोटो काढतो आणि जेवायला घोटी नाहीतर इगतपुरी गाठतो. रोपवेवर काही नोकऱ्या मिळतील, हे खरं. पण ताक विकणाऱ्या बाईचा स्वतःचा धंदा जाऊन तिच्या मुलाला ठेकेदाराकडे रखवालदारी मिळाली, तर गावाने नेमकं काय कमावलं?

राहिलं स्वित्झर्लंड. तिथली प्रसिद्ध युंगफ्राऊ रेल्वे 1912 मध्ये पूर्ण झाली. ती 3454 मीटरवरच्या खिंडीत थांबते. शिखर 4158 मीटरवर आहे आणि तिथे आजही पायीच जावं लागतं. मॅटरहॉर्नच्या माथ्यापर्यंत रेल्वे नेण्याचा प्रस्ताव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला होता, तेव्हा हजारो स्विस नागरिकांनी सह्यांची मोहीम काढून विरोध केला. ती रेल्वे कधीच झाली नाही. पर्यटनावर जगणाऱ्या देशाने आपलं सर्वांत लाडकं शिखर असं राखलं.

'शहरी ट्रेकरांनी गावाचा विकास अडवू नये' असंही मेसेजच्या शेवटी असतं. मान्य, निर्णय आमचा नाहीच. बारी ज्या अकोले तालुक्यात आहे, त्याचा बराचसा आदिवासी पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो आणि अशा क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्याने तिथे ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. रोपवेचा प्रस्ताव बारीच्या ग्रामसभेसमोर ठेवायचा असेल तर सोबत तिकिटातला गावाचा वाटा, जाणाऱ्या जमिनीचे गट क्रमांक आणि टपऱ्यांच्या भरपाईची रक्कम लेखी मांडा. आणि त्याच बैठकीत दुसरा कागदही ठेवा: शिड्यांची दरवर्षी दुरुस्ती, पावसाळी शनिवार-रविवारी माणसांची मर्यादा, पायथ्याला स्वच्छतागृहं, गावातल्याच तरुणांचं प्रशिक्षित बचाव पथक. दोन्ही कागदांवरचा खर्च शेजारी-शेजारी लिहा आणि गावाला ठरवू द्या.