लोणचं, लेस्टर आणि आयोवाचा ऑफेन्स: ‘डेमॉइनकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘डेमॉइनकर’ साहेब,

दोन दिवस थांबून उत्तर देतोय, कारण पहिल्या रात्री लिहिलेलं छापण्याजोगं नव्हतं. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी विषय सांगतो. मागच्या लेखात (2025 चा हंगाम सुरू होण्याआधी) मी म्हटलं होतं की टिम लेस्टर ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होऊन एक हंगाम उलटला तरी आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा ऑफेन्स (आक्रमणाचा खेळ) मुळातून बदललेला नाही, आणि कर्क फेरेन्झ मुख्य प्रशिक्षक आहेत तोवर बदलणारही नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत: “2023 साली सामन्यामागे 15.4 गुण, 2024 साली 27.7. एवढा फरक ज्याला दिसत नाही तो सामना बघत नाही, जुन्या रागाचं लोणचं घालून बसलेला असतो.” पुढे माझी एक चूक, क्वार्टरबॅक (बॉल हातात घेऊन खेळ चालवणारा) मॅकनमाराची दुखापत, पास झेलणाऱ्या रिसीव्हरांची वानवा, नवा क्वार्टरबॅक ग्रोनोव्स्की याच्याबद्दलचं भाकीत, आणि जाता जाता मराठीत हे लिहिण्याच्या हौसेवर एक शेरा.

चूक आधी मान्य करतो. कर्क यांचा मुलगा आणि लेस्टरआधीचा कोऑर्डिनेटर ब्रायन फेरेन्झ याच्या बदललेल्या करारात सामन्यामागे 25 गुणांची अट होती ती फक्त ऑफेन्सच्या गुणांची, असं मी लिहिलं होतं. ते बरोबर नाही. डिफेन्सने मारलेला टचडाऊन, सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच गोलरेषेमागे पाडून मिळणारे 2 गुण), किक रिटर्न, सगळं त्यात धरायचं होतं. सोबत सात विजयांची अट. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. (इतकी सवलत असूनही 14 सामन्यांत 216 गुणच झाले, हे तुम्ही सांगायचं विसरलात.)

आता लोणच्याकडे वळू. मतभेद असू द्या, पण माणूस सामनाच बघत नाही असं म्हणायला काही आधार लागतो. 2009 पासून मी आयोवाच्या किनिक स्टेडियममध्ये बसतोय. ओ’कीफ, ग्रेग डेव्हिस, ब्रायन, लेस्टर: कर्क फेरेन्झ यांचे चारही कोऑर्डिनेटर डोळ्यांसमोर आले, त्यातले तीन गेले. प्रत्येक सामना नंतर पुन्हा लावून डाऊन (10 यार्ड काढायला मिळणाऱ्या चार संधींपैकी कितवी), अंतर, फॉर्मेशन वहीत उतरवतो. तुम्ही दोन आकडे टाकलेत आणि त्यांच्या जोरावर मला लोणचं घालायला बसवलंत. अशा सुरात प्रश्न विचारला की समोरच्याने मुद्द्याला उत्तर द्यायचं की मुंज झालेला दिनांक सांगायचा, हेच कळत नाही.

तरी तुमचं ते एक वाक्य घेतो, कारण सगळी गडबड त्यातच आहे. 27.7 ही सरासरी आहे. 13 सामन्यांत 360 गुण. आता तेच 13 सामने दोन ढिगांत मांडा. जिंकलेले आठ: इलिनॉय स्टेट 40, ट्रॉय 38, मिनेसोटा 31, वॉशिंग्टन 40, नॉर्थवेस्टर्न 40, विस्कॉन्सिन 42, मेरीलँड 29, नेब्रास्का 13. बेरीज 273, सरासरी 34. हरलेले पाच: आयोवा स्टेटविरुद्ध 19, ओहायो स्टेटविरुद्ध 7, मिशिगन स्टेटविरुद्ध 20, यूसीएलएविरुद्ध 17, हंगामाअखेरच्या म्युझिक सिटी बोल सामन्यात मिझुरीविरुद्ध 24. बेरीज 87, सरासरी 17.4. त्यातही मिझुरीविरुद्धच्या 24 मध्ये केडन वेटजेनचा 100 यार्डांचा किकऑफ रिटर्न धरलेला आहे, जसे नॉर्थवेस्टर्नविरुद्धच्या 40 मध्ये त्याच्या पंट रिटर्नचे (समोरच्याने लाथेने दूर टोलवलेला बॉल परत पळवण्याचे) गुण आहेत. रन (बॉल हातात घेऊन धावणं) चालला की चाळीस, अडला की सतरा. वाईट हंगामातही आणि चांगल्या हंगामातही फेरेन्झच्या संघाचं चित्र हेच असतं. फक्त या वेळी रन जास्त वेळा चालला.

तो का चालला, इथे लेस्टरचं श्रेय आहे आणि मी ते मागच्या लेखातही दिलं होतं. (तिसरा परिच्छेद. वाचला असेलच.) आयोवाचा मूळ रन म्हणजे आउटसाइड झोन. लाइनचे पाचही जण एकाच दिशेला पाऊल टाकतात, पहिलं पाऊल आडवं, समोरच्याच्या बाहेरच्या खांद्यापर्यंत पोचण्यासाठी. रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) टाइट एंडच्या (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा) बाहेरच्या पायाच्या रोखाने निघतो आणि लाइनच्या टोकाच्या बचावपटूची हालचाल वाचतो. तो आत अडकला तर बॅक बाहेरून जातो, तो बाहेर ताणला गेला तर त्याच्या आतून घुसतो, आणि सगळी भिंतच वाहत चालली तर मागे वळतो. वळण एकच. दुसरं घेतलं की मागून येणारे गाठतात.

हा रन फसतो तो बहुतेक वेळा मागच्या बाजूने. तिकडच्या गार्ड-टॅकलना आपल्या आतल्या माणसाला ओलांडून अडवायचं असतं. पूर्वी आतापेक्षा मोकळेपणाने पायात घुसून त्याला पाडता यायचं. 2022 च्या नियमापासून कमरेखालचं ब्लॉकिंग टॅकल बॉक्सच्या (लाइनच्या मधोमधच्या चौकटीच्या) आत, लाइनमन आणि स्थिर उभ्या बॅकपुरतंच उरलं. म्हणजे डिफेन्सच्या दुसऱ्या फळीत, मोकळ्यात पळणारा लाइनबॅकर आता धावूनच गाठायचा. ब्रायनच्या शेवटच्या दोन हंगामांत हेच जमत नव्हतं: मागचा लाइनबॅकर स्नॅपबरोबर (बॉल मागे देऊन खेळ सुरू झाला की) धावत सुटायचा आणि बॅक वळला की समोर हजर.

लेस्टरने 2023 चं वर्ष ग्रीन बे पॅकर्समध्ये काढलं होतं. तिथून आलेला उपाय म्हणजे मोशन. स्नॅपच्या क्षणी रिसीव्हर किंवा टाइट एंड आडवा धावत असतो, त्यामुळे मागच्या लाइनबॅकरला क्षणभर थांबून ठरवावं लागतं की याच्याकडे बघायचं की बॉलकडे. एक पाऊल चुकलं की पुरतं. कॅलेब जॉन्सनने 240 धावांत 1,537 यार्ड आणि 21 टचडाऊन केले, ते अशा एका-एका पावलाच्या फटीतून. लाइनचे प्रशिक्षक जॉर्ज बार्नेट तेच होते, रनही तोच होता. बदलला तो त्याच्याआधीचा दीड सेकंद.

मोशनला किंमतही असते आणि ती घड्याळात मोजावी लागते. प्ले क्लॉक, म्हणजे पुढचा खेळ सुरू करायला मिळणारा वेळ, 40 सेकंदांचं. 2024 पासून प्रशिक्षकाचा आवाज एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये जातो, पण घड्याळ 15 वर आलं की तो बंद. म्हणजे खेळ सांगून, हडलमध्ये (खेळाडूंच्या घोळक्यात) पोचवून, लाइनवर येऊन उभं राहणं हे साधारण 18 ते 20 सेकंद उरलेले असताना व्हायला हवं. नाहीतर डिफेन्सची मांडणी बघून खेळ बदलायचा असेल तेव्हा कानात कोणी नसतं. दोघे एकदम हलले तर सगळ्यांनी पुन्हा पूर्ण एक सेकंद स्थिर उभं राहायचं. एकाची घाई झाली की 5 यार्ड दंड, आणि दुसरा डाऊन 7 चा (दुसरी संधी, 7 यार्ड बाकी) दुसरा डाऊन 12 होतो. दुसरा डाऊन 12 असला की या संघाचा खेळ काय असतो ते तुम्हालाही ठाऊक आहे.

कारण इथून पुढचं लेस्टरच्या हातात नाही. आउटसाइड झोनचा जोडीदार म्हणजे बूटलेग: लाइन एका बाजूला, क्वार्टरबॅक बॉल लपवून दुसऱ्या बाजूला. तिकडे तीन पातळ्यांवर माणसं, एक जवळ आडवा, एक दहा-बारा यार्डांवर मैदान ओलांडत येणारा, एक खोल. पहिल्या डाऊनला, आघाडी नसताना, हे वारंवार लावलं तरच डिफेन्स रनवर उडी घ्यायला कचरतो. हे कितीदा लावायचं, आघाडी आल्यावरही लावायचं का, चौथा डाऊन 3 यार्डांचा आणि बॉल समोरच्याच्या 42 यार्डांवर असताना पंट करायचा का, हे निर्णय कोऑर्डिनेटर घेत नाही. त्यांचा साचा फेरेन्झ घालून देतात. आयोवाचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक हेडन फ्राय यांच्या हाताखाली 1981 ते 1989 लाइन शिकवलेला, मग क्लीव्हलँड ब्राउन्समध्ये प्रशिक्षक बिल बेलिचिककडेही लाइनच शिकवलेला माणूस आहे तो. त्याच्या हिशोबात पंट हाही ऑफेन्सचाच खेळ. आयोवाचा पंटर टोरी टेलर याने 2023 मध्ये एका हंगामातल्या पंटिंग यार्डांचा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि तो संघ 10 सामने जिंकला, मग हिशोब बदलायचं कारण काय?

2024 चा आयोवा स्टेटचा सामना आठवा. हाफटाइमला 13-0 आघाडी. पुढे शेवटच्या क्षणी त्यांची 54 यार्डांची किक, 20-19 हार. नेब्रास्काला 13-10 ने हरवलं तेही जॉन्सनने एका छोट्या पासवर पळवलेले 72 यार्ड आणि ड्रू स्टीव्हन्सची शेवटची 53 यार्डांची किक यांच्यावर. विस्कॉन्सिनविरुद्ध 42 केले, त्यात धावून तीनशेहून जास्त यार्ड, पासवर शंभरही नाहीत. यात तुम्हाला नवा ऑफेन्स दिसत असेल तर दिसो. मला जुन्याच घराला दिलेला चांगला रंग दिसतो. आणि हो, गळतीही थांबली आहे, हेही लिहून ठेवा, नाहीतर पुन्हा लोणचं.

2012 मध्येही हेच ऐकलं होतं. ग्रेग डेव्हिस टेक्ससहून आले, 2005 चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला ऑफेन्स त्यांचा. आता आयोवा हवेतून खेळणार म्हणून लोक नाचले. पहिलं वर्ष 4-8. मग 2015 ला 12-0 झालं ते कशाच्या जोरावर? रन, टाइट एंड, डिफेन्स. डेव्हिस आयोवासारखे झाले, आयोवा डेव्हिससारखा झाला नाही.

बाकीचे मुद्दे. मॅकनमाराचा गुडघा: खरं आहे, 2023 मध्ये लिगामेंट फाटल्यावर बूटलेगला बाहेर पळणारा क्वार्टरबॅक उरला नाही, म्हणून समोरचा एंड (टोकाचा बचावपटू) बिनधास्त आत घुसायचा. पण 2024 मध्ये दुसरा क्वार्टरबॅक सलिव्हन आल्यावर ती अडचण गेली, तेव्हा पास वाढले का? रन वाढले, क्वार्टरबॅकचे. रिसीव्हरांबद्दल वेगळा लेख लागेल. मराठीत लिहून कोणाला कळणार, हे तुम्ही मराठीतच विचारलंत, तेव्हा सोडून देतो.

राहिला ग्रोनोव्स्की. साउथ डकोटा स्टेटला दोन विजेतेपदं जिंकून दिलेला मुलगा, आणि योगायोग बघा, 2022 मध्ये आयोवाने ज्या सामन्यात दोन सेफ्टी आणि एका फील्ड गोलवर 7-3 असा विजय ‘मिळवला’ तेव्हा समोरचा क्वार्टरबॅक तोच होता. तो आल्याने गुण वाढतील असं मलाही वाटतं. मात्र ते गोलरेषेजवळ, क्वार्टरबॅक स्नीक (क्वार्टरबॅकने स्वतः बॉल घेऊन लाइनमध्ये घुसणं) आणि झोन रीडमधून वाढतील. रीडमध्ये मागचा एंड मोकळा सोडतात, तो बॅककडे वळला की क्वार्टरबॅक बॉल स्वतःकडे ठेवतो. लाइनला एक माणूस कमी अडवावा लागतो, मोशनचं काम अर्ध्यावर येतं. फेरेन्झना हे आवडेल, कारण हाही रनच. पासिंग यार्डांच्या यादीत आयोवा 2024 मध्ये तळातल्या काही संघांत होता, तिथून फार तर मधल्या फळीच्या शेपटापर्यंत पोचेल.

30 ऑगस्ट 2025 ला आल्बनीविरुद्ध पस्तीस-चाळीस गुण झाले तर ते घेऊन इथे येऊ नका. 6 सप्टेंबरला एम्समध्ये आयोवा स्टेटविरुद्ध उत्तरार्धात आघाडी असताना तिसरा डाऊन 6 आला की काय खेळतात ते बघा, आणि लोणचं न म्हणता लिहा. प्रतिक्रिया प्रसिद्ध करीन.