मालदीव आपल्याला झेपणार नाही, असं म्हणण्याआधी...

मालदीव म्हटलं की पाण्यावरच्या लाकडी खोल्या आठवतात आणि पाठोपाठ लाखांचं बिल. मग "आपलं काम नाही ते" म्हणून विषय तिथेच संपतो. मला हे फार खटकतं. कारण मालदीवची माणसं स्वतः ज्या बेटांवर राहतात, तिथली सहल बेताच्या पगारातल्या कुटुंबालाही जमू शकते.

या देशात सुमारे १,२०० बेटं आहेत, त्यातल्या दोनेकशे बेटांवरच गावं आहेत. पहिलं रिसॉर्ट १९७२ साली सुरू झालं आणि पुढे कित्येक वर्षं पर्यटक रिसॉर्टच्या बेटावर, गावकरी आपल्या बेटावर, असाच मामला होता. साधारण २००९-१०च्या सुमाराला गावातही गेस्टहाउस काढायची मुभा मिळाली आणि चित्र पालटलं. माफुशीसारख्या बेटावर आज गल्लोगल्ली गेस्टहाउस आहेत. समुद्र तोच, निळाई तीच.

पण नुसतं गेस्टहाउस घेऊन भागत नाही. खरी बचत होते ती प्रवासात आणि खाण्यात. राजधानी मालेहून माफुशीला गावकऱ्यांची फेरीबोट साधारण दीड तासात पोचवते आणि तिचं तिकीट स्पीडबोटीच्या मानाने किरकोळ असतं. शेजारी कुणी गॅसची शेगडी घेऊन बसलेलं, कुणी शाळेच्या पोरांना घेऊन. घाई नसेल तर हाच प्रवास करा. फक्त शुक्रवार तिथे सुट्टीचा वार, त्या दिवशी सरकारी फेऱ्या बहुतेक बंद असतात. विमानाचं तिकीट काढतानाच वार बघून घ्या, नाहीतर वाचवलेले पैसे स्पीडबोटीत जातील.

खाण्याचंही तसंच. शेतीला जमीन जवळजवळ नाही, त्यामुळे भाजी, फळं, चिकन बोटीने बाहेरून येतं आणि महाग पडतं. आपलं म्हणावं असं तिथे दोनच गोष्टींचं राज्य: ट्यूना मासा आणि नारळ. सकाळी गावातल्या साध्या हॉटेलात मासहुनी मागवा. कुस्करलेला ट्यूना, खवलेला नारळ, बारीक चिरलेला कांदा, मिरची, वर लिंबू, आणि सोबत गरम रोशी, म्हणजे जवळपास आपली पोळीच. पोटभर होतं. पैसे रुफियात, म्हणजे तिथल्या चलनात, द्या. गावातल्या अशा हॉटेलांवर साधा कर ८ टक्के, पर्यटकांसाठीच्या सेवांवर त्याच्या दुपटीहून जास्त. (शाकाहारी असाल तर आधीच विचारा. समोशासारख्या दिसणाऱ्या पदार्थातही ट्यूना निघतो.)

आता ज्यावर मला मनापासून बोलायचंय ते. गावात राहायचं तर गावाचे नियम पाळायचे. गावाच्या बेटावर दारू चालत नाही. पोहण्याचे तोकडे कपडे फक्त त्यासाठी राखलेल्या किनाऱ्यावर घालायचे, इतरत्र खांदे आणि मांड्या झाकून फिरायचं. यावर कुरकुर करणाऱ्यांचा मला राग येतो. स्वस्त खोली हवी, स्वस्त मासळी हवी, आणि ज्यांच्या दारातून आपण ये-जा करतो त्या माणसांनी मात्र मान खाली घालून चालावं, हे कुठलं पर्यटन? ज्यांना बियरशिवाय समुद्र गोड लागत नाही, त्यांनी खुशाल रिसॉर्टचं बिल भरावं.

बाकीच्यांनी संध्याकाळी धक्क्याजवळच्या जोअलीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या खुर्चीत, बसून बघावं. तिथे बसायचे पैसे लागत नाहीत, आणि कुठल्या बेटावर उद्या कोणती बोट जाते, याची पक्की खबर तिथेच मिळते.