हरळीचा न्याय सगळ्या गवतांना लावता येत नाही

सप्रेम नमस्कार.

‘हरळी कधी मरत नसते; थंडीने गोल्फच्या मैदानावरचे गवत मेले ही अतिशयोक्ती आहे, पाणी आणि युरिया दिला की पंधरा दिवसांत सारे हिरवे होते, हे आम्ही खानापूर तालुक्यात लहानपणापासून पाहतो,’ असा माझ्या लेखावर आपला आक्षेप आहे. त्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. मूळ लेखात मी ‘वाळलेले’ आणि ‘मेलेले’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले, ती माझी चूक होती.

हरळीविषयी आपण म्हणता ते खरेच आहे. नांगरटीनंतर काशा (हरळीची जमिनीतली खोडे) वेचून बांधावर टाकल्या, तरी मातीत राहिलेल्या एखाद्या पेरापासून ती पुन्हा उभी राहते. मात्र बेळगावात माघ-फाल्गुनात ती तांबूस पडते त्याला थंडीपेक्षा ओलीचा अभाव अधिक कारणीभूत असतो, आणि म्हणूनच वळवाचा एक पाऊस तिला पुरतो. (गणपतीच्या दूर्वा त्याच हरळीच्या, हे आपल्याला सांगायला नको.)

माझा लेख होता तो उत्तर अमेरिकेतील ग्रीन्सविषयी, म्हणजे ज्या बारीक कापलेल्या भागात चेंडू घालायचे भोक असते त्याविषयी. तेथे बेंटग्रास आणि पोआ ही थंड हवेतील गवते असतात. २०१३-१४ च्या हिवाळ्यात मिशिगन आणि ओंटारिओकडील अनेक मैदानांवर ही गवते खरोखर मेली. पाने आणि मुळे जेथे जुळतात तो जमिनीलगतचा गाभा जिवंत असेल, तरच गवत परत फुटते. हिवाळ्याच्या अखेरीस बर्फ वितळून त्या गाभ्यात पाणी भरते आणि लगेच कडाक्याची थंडी पडली, की आतल्या पेशी गोठून फुटतात. बर्फाचा घट्ट थर बसला तर श्वसन चालू असूनही हवा खेळत नाही; असा थर पोआ साधारण दीड-दोन महिनेच सोसते, बेंटग्रास त्याहून बराच अधिक काळ तग धरते.

हिरवळ उरली आहे की नाही, हे तेथील माळी डोळ्यांनी ठरवत नाहीत. हिवाळा सरण्यापूर्वीच ते मातीसकट गवताचे छोटे तुकडे कापून ऊबदार खिडकीत ठेवतात आणि फुटवा येतो का ते पाहतात.

आपल्या युरियाबद्दल सांगायचे, तर गाभाच मेला असेल तेथे तो वाया जातो, आणि जिवंत पण अशक्त गाभ्याला भरपूर नत्र दिले, तर मुळे सावरण्याआधीच साठा पानांत खर्च होतो. खत थोडे-थोडे द्यावे लागते, चालणे बंद ठेवावे लागते, आणि मेलेल्या जागी बेंटग्रासचे बी टाकून माती तापण्याची वाट पाहावी लागते. गार मातीत ते महिनाभरही रेंगाळते. तेवढ्यात पोआ, जी सर्वांत आधी मेली होती, तिचेच जुने बी मातीतून आधी उगवते आणि जागा अडवते. आपल्या शेतात हरळी जे करते, तेच तेथे ती करते.