तीस मीटर म्हणजे किती बादल्या?

घड्याळ घ्यायचं म्हणताय? घ्या की. गरज आहे का, असला भलता विचार मात्र मनात आणू नका. वेळ मोबाईलमध्येही दिसते. मनगटावरचं घड्याळ पंगतीत वाढप्याला 'भरीत आणा' म्हणून हात वर केला की बाही मागे सरकते, त्या क्षणासाठी असतं. सल्ला द्यायचा मला पूर्ण अधिकार आहे, कारण माझा अनुभव ताजा आहे. अजून ओला आहे म्हटलं तरी चालेल. काचेच्या आतून.

दुकान एसीचं निवडा. मे महिन्यात जळगावच्या रस्त्यावरून ४४ डिग्रीतून आत गेलं की पहिल्या गार झुळकीबरोबर अक्कल गोठते आणि कार्ड आपोआप खिशाबाहेर येतं.

रोजच्या वापरासाठी ऑटोमॅटिकच घ्या. सेल लागत नाही, हात हलला की आपोआप चावी बसते. आता आमच्या ऑफिसात हात हलवणारी माणसं किती, हा प्रश्न वेगळा. एका साहेबांचं घड्याळ सोमवारी सकाळी हमखास बंद असतं. शनिवार-रविवार ते कपाटात पडून असतं आणि आत जेमतेम चाळीस तासांची चावी. साहेब ते मोबाईल बघून लावतात. शिवाय भारीतलं ऑटोमॅटिक दिवसाला चार-पाच सेकंद पुढेमागे झालं तर त्याला अचूक म्हणतात, आणि साधं सेलचं क्वार्ट्झ महिन्याला पंधरा सेकंद चुकलं तर त्याला स्वस्तातलं म्हणतात. आतला स्फटिक बिचारा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, पण त्याची किंमत कोणाला? तुम्ही दिवसाला पाच सेकंद चुकणारंच घ्या. पैसे जास्त पडतात, म्हणजे वस्तू चांगली.

पट्टा चामड्याचा घ्या. आपल्याकडच्या घामात तो एका उन्हाळ्यात असा वास मारू लागतो की घड्याळ हरवायची भीतीच राहत नाही.

सोनेरी मुलामा? सुवर्णनगरीत राहून विचारता? घ्या. चार महिन्यांनी कडेने पितळ दिसू लागलं की बाही खाली ओढायची.

आता डायव्हिंगचं घड्याळ. हे तर खानदेशी माणसाकडे पाहिजेच पाहिजे. आमच्या गल्लीत नळाला पाणी तीन दिवसाआड येतं, ते आल्यावर बायको टाकीच्या तळाशी गेलेला तांब्या काढायला सांगते, अशा वेळी २०० मीटरचं घड्याळ हाताला असलेलं बरं. त्याच्या काचेभोवती फिरणारी कडी असते, ती एकाच बाजूला फिरते. पाणबुड्या खाली जाताना तिच्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणतो. चुकून धक्का लागला तरी कडी वेळ गेल्याचंच दाखवते, शिल्लक असल्याचं कधी दाखवत नाही. म्हणजे माणूस लवकर वर येईल, पण हवा संपेपर्यंत खाली राहणार नाही. किती शहाणपणाची सोय! माझा भाचा तिच्यावर मॅगीची दोन मिनिटं मोजतो.

आणखी हजारो रुपये जास्त मोजले तर बाजूला हेलियम सोडायची झडप मिळते. समुद्राच्या तळाशी काम करणारे लोक दिवसचे दिवस दाबाखालच्या खोलीत राहतात, तिथल्या हवेत हेलियम असतो. तो घड्याळात शिरतो आणि दाब कमी करताना बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर काच उडते. म्हणून ती झडप. रावेरकडे केळी पिकवायच्या चेंबरमध्ये इथिलीन सोडतात, हेलियम नाही, एवढीच अडचण आहे. तरी घ्या. पुढेमागे कोणी हेलियमवर केळी पिकवली तर?

बरं, आता मुख्य सल्ला. डायलवर खाली बारीक अक्षरात '३० मीटर' किंवा '३ बार' लिहिलेलं असतं. ते वाचा आणि त्यावर पूर्ण विश्वास ठेवा. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला मीटर कळतो. तीस मीटर म्हणजे जवळजवळ शंभर फूट. आमच्या आजोळची विहीर एवढी खोल नव्हती. तर मी साडेआठ हजारांचं घड्याळ घेतलं, काउंटरवरच्या पोराला विचारलं, 'पाण्यात चालेल ना?' तो म्हणाला, 'काका, तीस मीटर आहे, बिनधास्त.' हा शब्द लक्षात ठेवा. बिनधास्त.

मग मी यावल तालुक्यात मोठ्या बहिणीकडे गेलो. दाजींच्या केळीत बोअरच्या पाण्याचा हौद आहे. भाचे दुपारी त्यात उड्या मारत होते, 'मामा, या ना!' मामा गेले. हौदातलं पाणी माझ्या छातीइतकं. चार फूट म्हणा. तीस मीटरमधून चार फूट गेले, उरलेले चौऱ्याण्णव फूट माझ्या खात्यात जमा, असा हिशोब करून मी उतरलो. दहा मिनिटांनी बाहेर आलो तर काचेच्या आत धुकं. महाबळेश्वरला जायची गरज नाही, मनगटावरच पॉइंट. संध्याकाळी सहाच्या खाली एक थेंब जमला आणि सेकंदकाटा एकाच जागी फडफडत राहिला, पिंजऱ्यातल्या चिमणीसारखा.

दुकानात गेलो. तोच पोरगा. आता तो म्हणतो, 'काका, पाण्यात कशाला घातलं?' मी डायल दाखवला. तो म्हणतो, 'ते वॉटर रेझिस्टंट आहे, वॉटरप्रूफ नाही.' मग मालक आले. मालक म्हणाले, ते तीस मीटर कंपनीचं असतं. कंपनीचं म्हणजे? कंपनीचा मीटर वेगळा असतो? साडीवाल्याने पाच मीटर सांगून दीड मीटर फाडून दिलं तर त्याला आपण सोडू का? वॉरंटी कार्डावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, पाणी शिरून झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. म्हणजे डायलवर 'पाण्याला तोंड देतं' आणि कार्डावर 'पाण्याचं आम्हाला सांगू नका'. दोन्ही एकाच डब्यात. दुरुस्तीचे बावीसशे, आणि वर 'गॅरंटी देता येणार नाही'.

खरी गोष्ट मला फुले मार्केटजवळच्या आमच्या जुन्या घड्याळजींनी सांगितली. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि पेशंट दगावल्यावर डॉक्टर बघतो तसं माझ्याकडे बघितलं. 'पानीमा कसाले लयी गयात भो?'

त्यांच्याकडून जे कळलं ते असं. ते मीटर खोली सांगत नाहीत, दाब सांगतात. दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण एक बारने वाढतो, म्हणून ३ बारला '३० मीटर' म्हणायची रीत पडली. तो दाब प्रयोगशाळेत नव्याकोऱ्या घड्याळावर, स्थिर पाण्यात देऊन बघतात. हात मारणारा, उडी टाकणारा, भाच्यांनी पाय ओढलेला मामा त्या चाचणीत नसतो. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे आणि पावसाची सर. पोहायचं तर १०० मीटर हवं. खरोखर पाण्याखाली जायचं तर २०० आणि त्यावर डायव्हर्स असं लिहिलेलं. त्यासाठी आयएसओ ६४२५ नावाचं वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात एकूण एक घड्याळ लिहिलेल्या दाबापेक्षा २५ टक्के जास्त दाब देऊन तपासतात, आणि ते अंधारात पंचवीस सेंटीमीटरवरून वाचता आलंच पाहिजे.

आणि माझ्या घड्याळाला चार फुटांनी मारलं नाही, उन्हाने मारलं. मी ते तासभर तळत्या उन्हात बांधून हिंडलो होतो. आतली हवा तापलेली. तसाच बोअरच्या गार पाण्यात उतरलो. आतली हवा आकसली आणि रबराच्या रिंगेत जिथे फट होती तिथून तिने पाणी आत ओढून घेतलं. रिंग रबराची. रबर सुकतं. दोन-तीन वर्षांनी सेल बदलायला झाकण उघडलं की रिंगही बदलायची असते, पण चौकात पन्नास रुपयांत सेल टाकणारा रिंगेकडे बघतही नाही आणि आपणही विचारत नाही. चावी नीट आत दाबलेली नसेल तर तिथूनही पाणी जातं. गरम पाण्याची अंघोळ, वाफ, साबण, सगळं रिंगेचं वैरी.

हे सांगायला घड्याळजींना चार मिनिटं लागली. फुकट.

हां, प्रवासाचं राहिलं. प्रवासाला चार काट्यांचं जीएमटी घ्या, चौथा काटा दुसऱ्या देशाची वेळ दाखवतो. भाचा दुबईला आहे? उत्तम. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आणि चौथा काटा तासातासाने सरकतो. मिनिटकाटा मात्र दोघांत एकच. आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे तो वरचा अर्धा तास तोंडीच करावा लागतो. तोंडीच करायचं तर घड्याळ कशाला, असं विचारणारा माणूस खवचट.

एक इतिहासही ऐकून ठेवा. १९२७ साली मर्सिडीज ग्लाइत्झ नावाच्या इंग्लिश पोहणाऱ्या बाई इंग्लिश खाडीत उतरल्या, गळ्यात रोलेक्सचं ऑयस्टर घड्याळ. दहा तासांवर त्या गारठ्यात राहिल्या, शेवटी त्यांना बाहेर काढावं लागलं. बाई गारठल्या, घड्याळ चालू. झाली जाहिरात. तेव्हापासून आपण घड्याळ पाण्यात घालतोय आणि ते तीस मीटरचं होतं का शंभरचं, हे कोणी विचारत नाही.

वडिलांचं एचएमटी जनता होतं. बंगळुरूला १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने कारखाना निघाला, त्या घराण्यातलं. डायलवर मीटरबिटर काही नाही. सकाळी चहाआधी ते चावी द्यायचे आणि अंघोळीला जाताना घड्याळ कोनाड्यात ठेवायचे. ते घड्याळ खोटं बोललं नाही म्हणून टिकलं. सरकारने २०१६ साली एचएमटीची घड्याळाची कंपनीच बंद करायचा निर्णय घेतला. ते घड्याळ अजून चालतंय.

पुरे झाला उपरोध. मालक, तुम्हाला माहीत होतं. तुमच्या त्या पोरालाही माहीत होतं. 'काका, हात धुवायला चालेल, पोहायला नाही,' एवढं बोलायला जीभ झिजत होती का? फार तर मी हजार रुपये जास्त देऊन शंभर मीटरचं घेतलं असतं, फायदा तुमचाच होता. पण नाही, गिऱ्हाईक हो म्हणतंय ना, मग बोलायचं कशाला! आणि कंपनीवाल्यांनो, शिंतोडे म्हणायचंय तर 'शिंतोडे' लिहा. मीटर लिहिता आणि मग कार्डाच्या मागे लपता, लाज कशी वाटत नाही?

तुम्हीही काही कमी नाही. तीन किलो वांगी घेताना एकेक वांगं फिरवून कीड बघता, देठ मोडून बघता, आणि साडेआठ हजार देताना डायलवरचे दोन शब्द वाचत नाही. मीही वाचले नाहीत, म्हणून तर ओरडतोय.

परवा भाच्यासाठी परत गेलो, दुसऱ्या दुकानात. शंभर मीटरचं पसंत केलं आणि म्हटलं, 'बिलावर एवढंच लिहा, पोहायला चालेल.' काउंटरवरचा माणूस हसला, पेन शोधायला म्हणून आत गेला. मी पंधरा मिनिटं उभा होतो. घड्याळ बंद आहे, म्हणून वेळ मोबाईलमध्ये बघितली.