वीस मिनिटं द्या त्या पोरांना

आमच्या गिरगावातल्या जुन्या चाळकऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला तरी ग्रुपचं नाव अजून चाळीचंच आहे. गेले आठ दिवस तिथे एकच विषय चाललाय. टॉवरमधल्या तीन मुलांनी आणि एका मुलीने मिळून बँड काढलाय, आणि त्यांनी गणपतीतल्या सांस्कृतिक कार्यक्रमात वीस मिनिटं मागितली, साठच्या दशकातली रॉकची गाणी वाजवणार होते. कमिटीने नाही म्हणून सांगितलं. आपल्या उत्सवात परदेशी धांगडधिंगा नको म्हणे. माझा बालमित्र त्या कमिटीत आहे, मी जरा विरोधात लिहिलं तर त्याचं उत्तर आलं, "तू पन्नास वर्षं इंग्लंडच्या एसेक्समध्ये बसलायस, तुला इथलं काय कळणार? केसकरांनी रेडिओवर केलं तेच बरोबर होतं."

केसकर म्हणजे आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटवणारे जुने मंत्री, त्यांच्यावर पुढे येतोच. हे वाचून मला वाईट वाटलं, कारण ती गाणी आम्ही दोघांनी एकाच रेडिओसमोर मांडी घालून ऐकली आहेत.

रेडिओ दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. मर्फी. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून ताणलेली, बटण फिरवलं की वाल्व्ह तापेपर्यंत थांबायचं, मग आधी नुसती घूं ऐकू यायची आणि नंतर माणसाचा आवाज. रेडिओ सिलोन 41 मीटरवर लागायचं. काटा केसभर हलला तरी गेलं, म्हणून तो फिरवायचा अधिकार फक्त काकांचा, आम्ही श्वास रोखून बसायचो. शॉर्टवेव्हवरचा आवाज भरती-ओहोटीसारखा यायचा जायचा, बीटल्स, स्टोन्स, द ॲनिमल्स कोणीही असो, गाण्याचा मधला तुकडा समुद्रात बुडायचा आणि शेवटचं कडवं परत वर यायचं. बुडालेले शब्द आम्ही आमच्या मनाने भरायचो. कित्येक गाणी मी तशीच चुकीची पाठ केली आणि इंग्लंडला आल्यावर मला खरे शब्द कळले, तरी गुणगुणताना अजून तोंडात ते जुनेच येतात. काकू आतून म्हणायच्या, "दिवेलागण झाली, आता बारीक करा रे ते." बारीक करा म्हणायच्या, बंद करा असं कधीच म्हणाल्या नाहीत.

खोताच्या वाडीत आमच्या वर्गातला एक मुलगा राहायचा, त्याच्या मोठ्या भावाकडे गिटार होती. पहिल्यांदा मी ती हातात घेतली तेव्हा बोटांच्या टोकांना तारांचे चर उमटले ते मी रात्री झोपेपर्यंत अंगठ्याने चाचपत होतो. धोबी तलावला फुर्टाडोजच्या काचेसमोर आम्ही किती वेळ उभे राहिलोय त्याचा हिशोब नाही. आणि काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस, तिथे केबिनमध्ये उभं राहून रेकॉर्ड ऐकता यायची, विकत घ्यायला पैसे नसले तरी. ते दुकान 2016 मध्ये बंद झालं तेव्हा मी इथे एकटाच स्वयंपाकघरात बसून राहिलो होतो.

आता केसकर. बाळकृष्ण केसकर आपल्या पुण्याचे, 1952 ते 1962 नभोवाणी खात्याचे मंत्री. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गेली. मी त्यांना सरसकट वाईट म्हणणार नाही, शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांनी सुरू केला, वाद्यवृंद उभा केला, त्यावर रविशंकर होते, घरी तानपुरा नसलेल्या लाखो लोकांनी त्यामुळे मोठमोठे गवई ऐकले. हे देणं फार मोठं आहे. पण जे अडवलं त्याचं काय झालं? 1952 च्याच डिसेंबरात सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अख्खा देश काटा फिरवून तिकडे गेला, महायुद्धात सैनिकांसाठी आणलेल्या ट्रान्समीटरवरून आपलीच गाणी आपल्याला परदेशातून ऐकायला लागली. शेवटी 1957 मध्ये विविध भारती काढावी लागली, केसकर मंत्री असतानाच.

इथे इंग्लंडमध्ये जे झालं ते मी इथे आल्यावर लोकांकडून ऐकलं आणि मला आमचा मर्फीच आठवला. बीबीसीवर रेकॉर्ड वाजवायला दिवसाचे तास मोजून दिलेले होते, कारण वादकांच्या युनियनला भीती होती की रेकॉर्डच वाजत राहिल्या तर माणसांची कामं जातील. भीती खोटी नव्हती. पण पोरांना बीटल्स हवे होते. मग 1964 च्या ईस्टरला रोनन ओ'राहिली नावाच्या एका आयरिश तरुणाने जहाजावर ट्रान्समीटर चढवून ते फेलिक्सस्टोसमोर सरकारी हद्दीच्या बाहेर नांगरलं आणि रेडिओ कॅरोलाइन सुरू केलं. सरकारने 1967 च्या ऑगस्टमध्ये कायदा करून असल्या जहाजांची नाकेबंदी केली, आणि 30 सप्टेंबरला बीबीसीने स्वतःच रेडिओ वन काढलं, त्यावर पहिला आवाज टोनी ब्लॅकबर्नचा, तो जहाजांवरूनच आलेला! म्हणजे इकडचं सरकार फार उदार होतं अशातला भाग नाही, पण चूक कळल्यावर त्यांनी त्याच पोरांना खुर्ची दिली. कॅरोलाइनला 2017 मध्ये रीतसर लायसन्स मिळालं आणि फ्रिक्वेन्सी मिळाली 648 किलोहर्ट्झ, जी आधी बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसची होती. त्यांचं आताचं लाल जहाज आमच्याकडच्या ब्लॅकवॉटर नदीच्या मुखाशी उभं असतं, ओहोटीला किनाऱ्यावर चिखलाचा वास सुटतो तो अगदी माहीमच्या खाडीसारखा.

आणि मित्रा, परदेशी म्हणजे नक्की काय रे? 1965 च्या जानेवारीत द किंक्स हा इंग्लंडचा बँड ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत थांबला, पहाटे जाळी घेऊन निघालेल्या कोळ्यांचं गाणं त्यांच्या गायकाच्या, रे डेव्हिसच्या, कानावर पडलं आणि त्यातून त्याने 'सी माय फ्रेंड्स' केलं. आपल्या कोळ्यांचा सूर त्या वर्षी लंडनच्या रेडिओवर वाजला. पुढच्या वर्षी सप्टेंबरात बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन सतार शिकायला ताजमध्ये खोटं नाव लावून उतरला, रविशंकरांकडे, आणि हॉटेलखाली पोरं जमली. ज्यांना आकाशवाणीने मोठं केलं तेच रविशंकर 1967 मध्ये अल्लारखांना घेऊन अमेरिकेत माँटेरीच्या रॉक फेस्टिव्हलमध्ये बसले. त्यांना तिथली नशापाणी आवडली नाही, जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकाने स्टेजवर गिटार पेटवली ते तर अजिबात सहन झालं नाही, त्यांनी ते स्पष्ट बोलून दाखवलं, आणि वाजवणं मात्र सोडलं नाही.

तू स्वतः आरतीला पेटी वाजवतोस. ती पेटी मूळ फ्रान्समधली, तिच्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही म्हणून आकाशवाणीने 1940 पासून तिला बाहेर ठेवलं ते 1971 पर्यंत. त्या तीस वर्षांत आपल्या भजनातून, नाटकातून पेटी गेली का?

तुझ्या एका मुद्द्यापुढे मात्र मी गप्प बसतो. विसर्जनाच्या दिवशी डीजेच्या दणक्याने तुझ्या घरच्या खिडक्या थरथरतात आणि वहिनींना बीपीचा त्रास होतो, ते मी इथून सोसत नाही, तू सोसतोस. पण तो प्रश्न आवाजाचा आहे. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, ती भजनालाही लावा, ढोलालाही लावा आणि या पोरांनाही लावा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आमच्या गावच्या चर्चच्या हॉलमध्ये मागच्या महिन्यात सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचा बँड वाजला, समोर माझ्या वयाचे लोक चहाचे कप घेऊन बसलेले, दोन गाण्यांनंतर एक आजी उठून गेल्या आणि ॲम्प जरा खाली करा म्हणाल्या, पोराने केला, आणि त्या परत येऊन पहिल्या रांगेत बसल्या.

मी गणपतीला दहा दिवस येतोय, तिकीट काढलंय. आरती झाल्यावर आठच्या आत त्यांना वीस मिनिटं द्या. आपण दोघं शेजारी बसू, ॲम्पचा आवाज जास्त झाला तर उठून सांगायला मी जाईन, आणि काकांकडे ऐकलेलं एखादं गाणं लागलंच तर मधले शब्द तुला कुठले आठवतात ते मला ऐकायचंय.