पेपरच्या तळाची बारीक ओळ

आज सकाळी टपरीवर पेपर उघडला तं पहिल्या पानावर बियाणे कंपनी. उलटलं, तिथंही तीच. बातम्या सुरू झाल्या पाचव्या पानापासून. आमच्या गावात चौघांचं सोयाबीन उगवलंच नाही, त्याची एक ओळ नाही. चहा थंड झाला माझा.

बापू आठवले. मी नववीत होतो. कापसाच्या जिनिंगवर काट्यात क्विंटलमागं दोन किलो कापून घेतले म्हणून त्यांनी माझ्या वहीचं पान फाडलं, बातमी लिहिली आणि सायकलनं तालुक्याला गेले. वार्ताहर म्हणाला, "काका, त्यायची दिवाळीले अख्ख्या पानाची जाहिरात येते. बातमी लावली तं माया पोटावर पाय." बापू घरी आले, पेपर पसरला, शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. मालक, मुद्रक, प्रकाशक. म्हणाले, "आडनाव पाय. आता जिनिंगची पाटी आठव."

तेव्हापासून मी पेपर खालून वाचतो. दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला मालकीची एक बारीक चौकट येते, फॉर्म ४. एक टक्क्याहून जास्त भांडवल कोणाचं, ते त्यात असतं. राजेहो, तुमच्यापैकी कोणी वाचली? राशिभविष्य मात्र पाठ.

हे आजचं नाही. टाइम्स ऑफ इंडियाची कंपनी बेनेट कोलमन. पेपर १८३८ चा, कंपनीचं नाव दोन इंग्रजांचं. १९४६ मध्ये ती उद्योगपती रामकृष्ण डालमियांनी घेतली. पैसा? त्यांच्याच ताब्यातल्या बँकेचा न् विमा कंपनीचा. म्हणजे पॉलिसीवाल्यांच्या हप्त्यावर पेपर! १९५५ मध्ये खासदार फिरोज गांधींनी लोकसभेत ते बाहेर काढलं, डालमिया तिहारला गेले. डालमिया-जैन कंपन्यांच्या चौकशी आयोगावर कोण होते? आपल्या नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश विवियन बोस. पण पेपर गेला कुठं? जावयाकडं, शांतिप्रसाद जैनांकडं. घरातल्या घरात. त्याच कंपनीनं १९६२ मध्ये 'महाराष्ट्र टाइम्स' काढला. चांगला पेपर, मीही वाचला. पण बापूंचं बोट डोक्यातून जात नाही.

आणि नागपूरचा 'हितवाद' १९११ मध्ये निघाला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचा. शेठजीचा नव्हता. असंही होत होतं, एवढंच म्हणतो.

हो, पाच रुपयांत कागदसुद्धा येत नाही, जाहिरात लागतेच. मान्य. पण मग बियाणेवाल्याचाच पेपर आहे असं वर मोठ्या अक्षरात छापा ना, तळाशी मुंगीएवढ्या टाइपात कायले?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या वार्ताहराला पगारच नव्हता, हे मला फार नंतर कळलं. जाहिरातीच्या कमिशनवर घर चालायचं, पोरगी शिकत होती. बापू त्याला कधी वाईट बोलले नाहीत, मीच बोलायचो.

बापू गेले त्या दिवशी तो मोटारसायकलवर आला. फोटो मागितला, वय विचारलं, "कापूस उत्पादक शेतकरी" असं स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी चार ओळी आल्या, फोटोसकट. निधनवार्तेचे पैसे लागतात तिथं. विचारलं तं म्हणाला, "राहू दे भाऊ."